ओल्या रंगाचा हात

येडशीच्या फलाटावर एक म्हातारे मुसलमान गृहस्थ रोज दिसायचे. चढण्याआधी डब्याला हात लावून सलाम करायचे. रेल्वे सरकारची झाली आणि रंगाऱ्यानं डब्यावर नवं चिन्ह काढलं, त्या दिवशी आम्ही प्रवाशांनी फलाटावर पेढे वाटले.

कुणीतरी म्हणालं, “चाचा, तुमची निशाणी गेली. आता सलाम कुणाला?”

जुनी निशाणी कुठल्या मुसलमानी राजवटीची नव्हे, गोऱ्यांच्या कंपनीची होती, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही हसलो.

“गाडीला, बाबा. घरी ती पोचवती, निशाणी न्हाय,” म्हणत त्यांनी नेहमीसारखा हात लावला. ओला रंग तळव्याला लागला.

डब्यात मला त्यांच्याकडं बघवेना. आमच्या पांढऱ्या कपड्यांना डाग पडू नये म्हणून ढोकी स्टेशन येईपर्यंत त्यांनी तो हात खिडकीबाहेर धरला होता.