साखरेचा रेणुभार

अख्ख्या सोलापुरात मे महिन्यात बर्फ विकत आणून त्याचं सरबत न करणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो. वरच्या मजल्यावरचे सर. कॉलेजातून कधीच निवृत्त झाले, पण रसायनशास्त्राला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. दर रविवारी गोळेवाल्याकडून बर्फ फडक्यात गुंडाळून आणायचा, बादलीत फोडायचा, वर खडेमीठ टाकायचं आणि त्यात काचेची नळी बुडवून बसायचं. पाण्यात काही विरघळलं की ते शून्याच्याही खाली जाऊन गोठतं म्हणे. किती खाली, यावरून त्या पदार्थाचा रेणुभार काढायचा. पदार्थाच्या बाटलीवर चिठ्ठी, 'अज्ञात'. आत साखर. ती आमच्याच घरून वाटीभर नेलेली, हे मला माहीत आणि त्यांनाही.

उत्तर तीनशे बेचाळीस यायला हवं. सरांची बायको, आमच्या काकू, होत्या तोवर यायचंही. काकू ढवळायच्या, सर तापमान वाचायचे. "हात थांबला की पाणी फसवतं बघा ताई," सर मला सांगायचे, "गोठायचं सोडून नुसतं गार होत बसतं." काकू गेल्या, आणि ढवळणारेही तेच, भिंग लावून वाचणारेही तेच. वाचायला वाकले की हात थांबणारच. मग तीनशे दहा येतं, नाहीतर दोनशे नव्वद, आणि जिन्यात भेटले की नापास झालेल्या पोराचं तोंड. मुलगा परदेशातून फोनवर म्हणतो, "बाबा, उत्तर माहितीय की तुम्हाला, कशाला उद्योग?" सर म्हणतात, "तेही खरंच." मला मेलीला ते ऐकून भडभडून येतं.

शेवटी एका रविवारी न राहवून वर गेले आणि त्यांच्या हातातली ढवळायची तार काढून घेतली. म्हटलं, तुम्ही वाचा. सर वाचत गेले, मी ढवळत गेले. गणित मांडलं, तीनशे एक्केचाळीस. मला वाटलं, आता पेढे वाटतात. तर चष्मा पुसत म्हणाले, "आलं की हो बरोबर." आणि जरा वेळाने, "म्हणजे संपलंच म्हणायचं." बाटली धुऊन पालथी घातली. पुढच्या रविवारी वर बर्फ फोडल्याचा आवाज नाही. एरवी त्या ठोकाठोकीला नावं ठेवणारी मी, दुपारभर छताकडे कान लावून बसले.

संध्याकाळी एका बाटलीत घरातलं मीठ भरलं, 'अज्ञात' अशी चिठ्ठी डकवली आणि वर गेले. "सर, हे काय आहे ते काही कळेना बघा."

त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, चिमूटभर बोटावर घेतली. पोत्यानं मीठ बर्फावर ओतलेला माणूस, त्याला मीठ कळू नये होय? पण चेहरा एकदम गंभीर.

"लई अवघड दिसतंय ताई," सर म्हणाले. "एका रविवारात नाही व्हायचं. ढवळायला याल ना?"