सात नंबरचा भेरूजी

शेंदूर फासलेला तो दगड अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. निवृत्त होऊन उज्जैनला फ्रीगंजातल्या घरी बसलो, तरी त्याची आठवण आली की पोटात जळतं. मत्सरच तो, दुसरं गोंडस नाव कशाला द्यायचं?

तेव्हा मी उज्जैनपासून तासाभरावरच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावाची कच्ची वाट मोठ्या सडकेवरून सरळ यायची आणि गावाच्या तोंडाशी मोठा वळसा घ्यायची. ग्वाल्हेर दरबारच्या काळात तिथल्या पटेलाने, म्हणजे गावच्या पाटलाने, स्वतःची जमीन देऊन ती आपल्या दारावरून वळवून घेतली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने ओट्यावर टेकावं, पाणी प्यावं, पटेलाला राम-राम घालावा, एवढ्याचसाठी. त्या पटेलाचे दोन नातू. थोरला शेती करायचा आणि त्याच ओट्यावर बसायचा. धाकटा वेगळा, शेतात घर बांधून राहायचा. गावच्या शाळेत तो अतिथी शिक्षक होता, म्हणजे वर्षानुवर्षं हंगामी.

वाट पक्की करायचं ठरलं. बांधकाम विभागाने वळसा काढून टाकला आणि रस्ता सरळ धाकट्याच्या घरापुढून आखला. चुन्याची रेघ मारली, कडेने नंबर घातलेले दगड रोवले. एका सकाळी सात नंबरचा दगड गायब, आणि दहा पावलांवर, रेघेच्या बरोबर मधोमध भेरूजी, म्हणजे आपला भैरोबा, प्रगट! तेल-शेंदूर, चांदीची पन्नी, नारळ, सगळं यथासांग. आमच्या माळव्यात एकदा शेंदूर लागला की दगडाचा देव होतो, मग त्याला कुणी हात लावत नाही. जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला, नमस्कार केला आणि चालता झाला. हाच तो सात नंबर, हे इंजिनिअरला कळत होतं, पण शेंदूर खरवडून बघायची छाती कुणाची? शेवटी विभागाने शासकीय कामात अडथळा आणल्याचा लेखी अर्ज ठाण्यात दिला.

दुसऱ्याच दिवशी थोरला हजर. खाली मान घालून म्हणाला, “साहब, भाई है मेरा, पर झूठ कैसे बोलूँ? रस्त्यात त्याचं शेत जातंय. त्यानेच केलं. मी डोळ्यांनी पाहिलं.”

खबर देणारा सख्खा भाऊ, मग आणखी काय हवं? धाकट्याला बोलावून घेतलं. त्याला कायम करायचा हुकूम निघायचा होता आणि त्याची चारित्र्य पडताळणी नेमकी माझ्याच टेबलावर होती. गुन्हा नोंदवला की नोकरी गेली, हे त्यालाही ठाऊक होतं. दोन तास उलटसुलट विचारलं. रडकुंडीला आला, पण एकच सांगत राहिला, “मी नाही केलं, साहेब. भैयाने मला शिकवलं, तो खोटं कशाला बोलेल? त्याची बघण्यात चूक झाली असेल.” ठाण्याचा मुंशी गुन्ह्याची कलमं लिहायला पेन उघडून बसला होता.

तिथे नाक खुपसलं आमच्या ठाण्यातल्या नव्या महिला सब-इन्स्पेक्टरने. इंदूरची मराठी मुलगी, नोकरीला वर्ष झालं नव्हतं, आणि एसपी साहेबांच्या तोंडी सारखं तिचंच नाव. माझे केस पांढरे झाले, मला कधी कुणी शाबास म्हटलं नव्हतं. “सर, एक दिवस थांबू या ना? इतकी जल्दी काय आहे?” माझा तिळपापड झाला. पण थांबलो.

सकाळी मी सगळ्या गावाला त्या दगडापाशी गोळा केलं. एकेकाने हात ठेवून शपथ घ्यायची. कायद्यात याला काडीची किंमत नाही, पण खोटं बोलणाऱ्याचा हात थरथरतो, हा माझा अनुभव. मी हात आणि चेहरे पाहत उभा राहिलो. आणि सगळ्यांचेच हात थरथरत होते! मास्तरचा तर सर्वांत जास्त. थोरला तेवढा ताठ आला, दगडावर पंजा ठेवला आणि खणखणीत आवाजात भावाचं नाव घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, मास्तर गेला.

ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “सर, त्याचे जोडे बघा.”

सगळ्या गावाच्या चपला, मास्तरच्यासुद्धा, लांब बांधावर काढलेल्या. थोरला मात्र पायात जोडे घालून देवासमोर उभा होता. जन्मभर भेरूजीला अनवाणी गेलेला माणूस! हा देव नाही, विभागाचा दगड आहे, हे गावात पक्कं ठाऊक असलेला तो एकटाच, म्हणून पाय जोडे काढायला विसरले.

मी नुसतं बोट दाखवलं. त्याने खाली पाहिलं आणि दगडापाशीच बसला.

“सगळे मास्टरजी, मास्टरजी करतात,” तो म्हणाला. “मला म्हणतात मास्टरजींचा भाऊ. मी शिकवलं त्याला, मी! एक रस्ता तेवढा माझ्या दारात होता. तोही त्याच्याकडे चालला. माझ्या ओट्यावर मग कोण येणार, साहेब?”

धाकटा एवढंच म्हणाला, “भैया, एक बार बोल तो देते.”

थोरल्याने घागर मागवली आणि गावादेखत स्वतःच्या हाताने शेंदूर घासून काढला. खालून सात आकडा निघाला. दगड उचलून त्याने जागेवर नेऊन ठेवला. “मीच केलं. भावाचा कागद आजच पाठवा,” म्हणाला. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. “सख्ख्या भावावर जळतोस? लाज नाही वाटत?” विभागाने अर्ज मागे घेतला, थोरल्याकडून मी चांगल्या वागणुकीचा मुचलका लिहून घेतला, आणि मास्तरचा पडताळणीचा कागद त्याच दुपारी निघाला.

मग ठाण्यात येऊन मी एसपी साहेबांना अहवाल लिहिला. त्यात लिहिलं, ‘सदर इसमाने जोडे काढले नसल्याची बाब माझ्या निदर्शनास आली.’ तिने तो वाचला. “ठीक आहे, सर,” म्हणाली आणि फाइल जावकला दिली. प्रशस्तिपत्र मला मिळालं. माझ्या निरोप समारंभात ती नव्या पोरांना सांगत होती, “माणसाचे पाय बघायला मी सरांकडून शिकले.” मी ताट तसंच ठेवून हात धुवायला उठलो.

त्या अडाणी माणसाने चारचौघांत चूक कबूल केली आणि भावाचं भावाला देऊन टाकलं. झापायला मी होतो, शिकायला मात्र मला इतकी वर्षं लागली. आज निदान लिहून टाकलं. पोलिसाने आठवणी लिहिताना कुणाची नावं घेऊ नयेत, असा संकेत आहे. म्हणून तिचंही नाव इथे आलेलं नाही. आणि खरं सांगू? मला त्याचं बरंच वाटलं.