झाकणं लावण्याआधीचा अर्धा तास

ऑगस्ट संपत आला होता, आसिया वेलांवर पिवळ्याधमक होऊन लोळत होत्या, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सिग्रिड प्लमच्या झाडावरून शिडीसकट खाली आली. पडताना तिने दोन्ही हात टेकले आणि दोन्ही मनगटं मोडली. एक मोडलं असतं तर दुसऱ्या हाताने तिने सगळं रेटून नेलं असतं, ती त्यातलीच. पण दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लास्टर म्हटल्यावर नाक खाजलं तरी नवऱ्याला हाक मारायची वेळ आली. ज्या बाईने आयुष्यात कुणाला आपल्या घरात कांदासुद्धा चिरू दिला नाही, तिच्यावर ही वेळ यावी म्हणजे काय!

आसिया म्हणजे काकडीचीच दांडगी बहीण. कोवळी असताना तिला कुणी विचारत नाही. वेलावर जून होऊन पिवळी पडली की ती सोलायची, उभी चिरायची, चमच्याने बिया खरवडायच्या आणि रात्रभर मिठात ठेवायची. मग मोहरी आणि शेपूचे तुरे घालून वरून साखर घातलेलं उकळतं व्हिनेगर ओतायचं. दुसऱ्या दिवशी तेच व्हिनेगर काढून पुन्हा उकळायचं, पुन्हा ओतायचं, गार झालं की झाकणं लावायची. फ्यून बेटावरच्या त्या गावात हे घरोघर चालतं. तरीही नाताळच्या जेवणाला, भाजलेल्या डुकराच्या मांसाशेजारी, सगळ्यांना सिग्रिडच्याच आसिया हव्या असतात. कारण गावाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: सिग्रिड त्यात काहीतरी घालते.

दरवर्षी झाकणं लावायच्या आधी ती सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढते आणि आतून कडी लावते. अर्ध्या तासाने दार उघडतं तेव्हा झाकणं लागलेली असतात. काय घातलं ते तिने कुणाला सांगितलेलं नाही.

खरं म्हणजे ती काहीच घालत नव्हती.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा घरात सासू-सासरे होते, मोठी नणंद बोडिल होती, आणि वर्षाच्या आत पाळणा हलला. घरात बसायला जागा होती, एकटीने बसायला नव्हती. दार लावलं की सासू बाहेरून विचारायची, "बरं नाही का गं? भांडलात का?" बागेत जाऊन उभी राहिली तर बोडिल मागोमाग येऊन उभी राहायची. दुसऱ्या उन्हाळ्यात आसियांच्या बरण्या भरून झाल्या आणि सिग्रिडच्या तोंडून निघून गेलं, "जरा बाहेर जाता का सगळे? मला यात आमच्या आईकडची एक गोष्ट घालायची आहे." आणि काय चमत्कार! एरवी उंबऱ्यात ठाण मांडणारी सासू मुकाट्याने बाहेर गेली. बाळंतिणीला एकटं सोडायला ती तयार नव्हती, पण लोणच्याच्या गुपिताचा मान राखायला लगेच तयार झाली. सिग्रिडने कडी लावली, बूट काढले, थोडी रडली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच कॉफीचा अख्खा कप शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायली. त्या वर्षी ऊन चांगलं पडलं होतं, आसिया झकास झाल्या, आणि सगळं श्रेय आईकडच्या गोष्टीला गेलं.

पुढे सासू-सासरे गेले, मुलगी मोठी होऊन शहरात राहायला गेली. तो अर्धा तास मात्र राहिला. वर्षातला तेवढा एक अर्धा तास तिचा स्वतःचा होता, आणि त्यावर तिचा जीव होता.

आता प्लास्टरचे दोन ठोकळे टेबलावर ठेवून ती बसली होती आणि आयनार बिया काढत होता. आयनारने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. माणूस भला, कामाला वाघ, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. मुलीच्या पहिल्या बाळाची बातमी मुलीने सांगायच्या आधी सहकारी दुकानातल्या बाईला कळली होती.

"इतकं खरवडू नकोस रे! गर जातोय सगळा. अर्धी आसिया बादलीत टाकलीस."

"तूच म्हणालीस एक बी राहता कामा नये."

"बी राहू नये म्हटलं, आरपार भोक पाड नाही म्हटलं. आण इकडे तो चमचा."

"आणू?" आयनारने चमचा तिच्यासमोर धरला. प्लास्टरमधून डोकावणारी बोटांची टोकं वळवळली. सिग्रिडच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी शिडीवर चढायला नको होतं," ती म्हणाली. "तुला चढवायला हवं होतं."

"मग आज तू बिया काढत असतीस आणि मला भरवत असतीस."

"तुला मी भरवलं नसतं. उपाशी ठेवलं असतं."

मीठही त्याने जास्तच टाकलं. ती ओरडली, त्याने निम्मं उपसून काढलं. शेपू धुतला नाही, त्यात किडा निघाला. व्हिनेगर उतू जाऊन चुलीवर सांडलं आणि घरभर असा वास सुटला की दोघांचे डोळे झरायला लागले. आयनारने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. त्याच रुमालाने तिचं नाकही पुसून घेतलं. तिला ते अजिबात आवडलं नाही, पण करणार काय?

दुसऱ्या दिवशी व्हिनेगर पुन्हा उकळायच्या वेळेला बोडिल हजर. तीन घरं सोडून राहायची. सत्तरी उलटलेली, लग्न केलं नव्हतं. आसिया तीही घालायची, चांगल्या व्हायच्या, पण नाताळच्या टेबलावर तिची बरणी भरलेलीच परत जायची. हे तिला किती लागत असेल याचा विचार सिग्रिडने कधी फारसा केला नव्हता, आणि आज तर मुळीच करणार नव्हती.

"म्हटलं मदत होईल," बोडिल म्हणाली आणि अंगातला कोट काढून खुर्चीला लावला. कोट काढला म्हणजे बाई आता हलत नाही.

"मदतीला आयनार आहे."

"तो काय करतोय ते दिसतंय. या फोडी बघ, उंदराने कुरतडल्यासारख्या."

"तोंड चालवू नकोस, फडकं धर," आयनार बहिणीला म्हणाला, आणि दोघांनी मिळून व्हिनेगर ओतलं. बरण्या ओळीने टेबलावर उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत गार झाल्या. बोडिलने झाकणं पुसून पुसून चकचकीत केली. दोघं भावंडं सिग्रिडकडे बघत राहिली.

ही वेळ येणार हे सिग्रिडला दोन दिवस कळत होतं. रात्री ती त्याचाच विचार करत पडली होती आणि काही सुचलं नव्हतं.

"हं," आयनार म्हणाला. "आता सांग. काय घालायचं?"

"काही नाही. झाकणं लाव."

"अगं, सांग की. मी कुणाला बोलणार नाही."

"काही नाही म्हटलं ना. खरंच काही नाही. लाव झाकणं."

बोडिलने सुस्कारा सोडला. "आईलाही सांगितलं नाहीस तू. बिचारी विचारत विचारत गेली. मला सांगू नकोस, मी परकी. पण हा तुझं नाक पुसतोय, त्याला तरी सांग."

"बोडिल, तू गप्प बस."

"मी बाहेर जाते," बोडिल म्हणाली आणि हलली नाही.

आयनारने हातातलं झाकण खाली ठेवलं. त्याचा चेहरा उतरला होता. तो रागावला असता तर सिग्रिडला बरं वाटलं असतं, तिला भांडता आलं असतं.

"वर्षभराच्या आसिया बिघडल्या तरी चालतील," तो सावकाश म्हणाला, "पण मला सांगायचं नाही. असंच ना? मी दुकानात जाऊन बोलेन म्हणून."

"बोलशीलच तू. पण त्यासाठी नाही रे! सांगायला काही आहेच कुठे? आयनार, मी त्यात कधी काही घातलं नाही. पहिल्यापासून नाही."

"मग कडी लावून काय करायचीस?"

"बसायचे."

"बसायचीस."

"बूट काढून बसायचे. कॉफी प्यायचे. बस, एवढंच. आता झालं समाधान?"

बोडिल हसली. तिला ही थाप वाटली, आणि तीसुद्धा अगदी टुकार. पण आयनार हसला नाही. तो बायकोचा चेहरा बघत होता, आणि सिग्रिडला दिसलं की त्याला पटलंय. पटलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला त्या क्षणी वाटलं.

"मी दाराबाहेर उभा असायचो," तो म्हणाला. "दरवर्षी. बोडिलने खिडकीतून बघू नये म्हणून आधी तिला बागेच्या पलीकडे पाठवायचो आणि मग दाराशी येऊन उभा राहायचो. आई असताना आईला अडवायचो. लोक मला हसायचे. चाळीस वर्षं पहारा दिला मी, सिग्रिड. आणि आत काही नव्हतंच?"

"मी होते ना आत!" सिग्रिड एवढ्याने ओरडली की बोडिलच्या हातातलं फडकं पडलं. "मी होते! तुझी आई नाही, तुझी बहीण नाही, पोर नाही, आणि तूसुद्धा नाहीस. कुणी मला काही विचारत नव्हतं. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. वर्षाचा अर्धा तास रे! तेवढ्यासाठी मला आईच्या नावाने खोटं बोलावं लागलं, कारण खरं सांगितलं असतं तर तुमच्यापैकी एकाने तरी मला एकटं सोडलं असतं का? लोणच्याला सोडलंत. मला नसतं सोडलं." तिला रडू आलं, आणि डोळे पुसता येत नव्हते म्हणून आणखीच आलं.

आयनारने खिशातून रुमाल काढला. पण तिच्या जवळ आला नाही. थोडा वेळ रुमाल हातात तसाच धरून उभा राहिला, मग चुलीकडे गेला आणि किटलीतली कॉफी कपात ओतली. कप तिच्यासमोर टेबलावर ठेवला. खाली बसून तिच्या पायांतले बूट काढले आणि खुर्चीखाली नीट लावून ठेवले.

"चल गं," तो बहिणीला म्हणाला.

"कुठे? अरे, झाकणं लावायची आहेत अजून."

"बाहेर."

"म्हणजे घालणार आहे ना ती काहीतरी? मला माहीतच होतं. पण हातांनी कसं—"

"बोडिल, बाहेर हो."

दार लागलं. स्वयंपाकघरात ती, बरण्या आणि वाफाळती कॉफी. बाहेर बोडिलचं पुटपुटणं ऐकू आलं, ते बागेकडे लांब गेलं, आणि दाराच्या दुधी काचेवर आयनारच्या पाठीची सावली पडली.

सिग्रिड कॉफीकडे बघत बसली.

ती वाकली. ओठ कपापर्यंत पोचले, पण कप भरलेला होता, आणि जरा कलवल्याशिवाय घोट घेता येत नव्हता. तिने प्लास्टरच्या दोन ठोकळ्यांमध्ये कप धरून बघितला. कप सरकला, कॉफी बशीत हिंदकळली. तेवढ्यात उघड्या खिडकीतून गांधीलमाशी आली, पहिल्या बरणीच्या काठावर बसली आणि आत उतरायला लागली. सिग्रिडने फुंकर मारली. माशी दुसऱ्या बरणीवर गेली. मग आणखी एक आली.

"जा! निघा इथून!" ती ओरडली, आणि काचेवरची सावली हलली, पण दार उघडलं नाही. त्याला वाटलं असणार, ती त्यालाच म्हणतेय.

तिला अजून थोडं बसायचं होतं. ओरडून मिळवलेला अर्धा तास असा पहिल्या पाच मिनिटांत परत द्यायची तिची मुळीच तयारी नव्हती. ती ताठ बसून राहिली. कॉफीची वाफ कमी होत गेली. मोहरीत एक माशी लडबडून पडली. पाठीवर, नेमकी खांद्यांच्या मध्ये, खाज सुटली. तिला एकटीने बसायचं होतं आणि तिला तो आत हवा होता, आणि या दोन्ही मागण्या एकाच वेळी आपल्या मनात असाव्यात याचा तिला इतका राग आला की हात धड असते तर तिने कप भिंतीवर फेकला असता.

"आयनार!"

दार लगेच उघडलं. "झालं?"

"कुठे काय झालं! गांधीलमाश्या घुसल्यात बरणीत. आणि ही कॉफी गार होतेय डोळ्यांदेखत."

त्याने चमच्याने माशी काढली, फडक्याने दुसरीला हाकललं, खिडकी लावून घेतली. मग दाराशी जाऊन थबकला. मागे बोडिल येऊन उभी होती, मान लांब करून. त्याने तिच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली.

"आयनार! मला तरी सांगा! काय घातलंत?" बोडिल बाहेरून दार वाजवत होती.

आयनारने खुर्ची ओढली आणि बायकोच्या शेजारी बसला. कप उचलला, तिच्या ओठांना लावला. कॉफी कोमट झाली होती. त्याने बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," सिग्रिड म्हणाली.

त्याने तोंड मिटलं. त्याला ते किती जड जातंय ते तिला दिसत होतं. त्याची हनुवटी हलत होती, पण शब्द बाहेर पडला नाही. ती सावकाश एकेक घोट घेत राहिली, आणि तो प्रत्येक घोटाला कप तितकाच कलवत राहिला. बोडिल दार वाजवून दमली आणि पायरीवर बसली असावी, कारण वाजवणं थांबलं.

"नाताळपर्यंत हात सुटे होतील," बऱ्याच वेळाने सिग्रिड म्हणाली. "पुढच्या वर्षी सगळं मी करीन."

तो मान हलवून हो म्हणाला.

"आणि तू बाहेर."

"बाहेर," आयनारने कबूल केलं, आणि कप पुन्हा तिच्या ओठांना लावला.