बारीक आवाजाचे स्पीकर

स्पीकर घेताना लोक आवाज किती चढतो ते बघतात. मी दुकानदाराला म्हटलं, "किती बारीक होतो ते दाखवा."

तो हसला. "साहेब, स्पीकर घेताय की मौनव्रत?"

काय सांगणार त्याला! आमचं ऑफिस म्हणजे प्लायवूडचा एक कप्पा. टेबलाला टेबल लावून आम्ही तिघं बसतो. एकाने सुस्कारा सोडला तरी दोघं मान वर करतात. आमच्या दामलेबाई घरच्या फोनवर फक्त 'हं' आणि 'बरं' म्हणतात. रडायचं असेल तर जिन्यात जातात. स्पीकर हवेत ते वरिष्ठांच्या ऑनलाइन मीटिंगसाठी. म्हणजे तिथेही बोलणार तेच.

दुकानदाराने मुठीएवढी जोडी लावली. गाणं कुजबुजू लागलं.

"हेच द्या."

तरी त्याला राहवेना. "आता हा ऐका," म्हणत शेजारच्या उंच स्पीकरवर त्याने तेच गाणं पूर्ण आवाजात सोडलं. शोकेसच्या काचा थरथरल्या. माझ्या छातीत ढोल वाजू लागला.

"बंद करू का?" तो ओरडला.

"राहू द्या!" मी ओरडलो.

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.