लढाईचा सिनेमा आणि घोटभर पाणी
डिझेल इंजिनाचा धूर नाकात गेला की कुरखेड्याच्या बाजारात लागलेला, इंजिनावर चालणारा सिनेमाचा तंबू आठवतो. माझं नवीन लग्न झालेलं, आणि यजमान ब्रह्मदेशातली लढाई लढून आलेले, मोजकं बोलणारे. खाली धानाचं तणस अंथरलेलं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पडद्यावर पोटात गोळी लागलेला शिपाई आईला, बायकोला, देशाला उद्देशून बोलतच राहिला, तसा सगळा तंबू रडू लागला. मीही रडत होते. तेवढ्यात पुरुषांतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. हेच होते. "मरनारा मानूस येवढा बोलते का? तो पानी मागते, निस्तं पानी!" लोक खवळले. "शिपायाच्या मरनावर हासते!" म्हणत दोघांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेत मी फणकारले, "काऊन हासले जी? लाज आनली मले." ते चालता चालता म्हणाले, "पोटात गोळी असली तं पानी देऊ नाई, असा हुकूम होता. माह्या मांडीवर एक पोरगा पानी पानी करत गेला. बाटली भरून होती माही." रोज पाणी पिण्याआधी हे घोटभर जमिनीवर सांडत, आणि नदीवरून घागरी आणणारी मी तोवर त्यावरून रोज तोंड सोडत असे. आता टीव्हीवर असाच एखादा शिपाई भाषण करत मरतो, नातवंडं डोळे पुसत म्हणतात, "किती खरं वाटते ना, आजी!" मी हो म्हणते. रडणाऱ्यांना मध्येच खरं सांगितलं की काय करतात, ते मी पाहिलेलं आहे.