कन्नमवार नगरची उसनी आत्या

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात बारसं ठरलं की आधी दोन गोष्टींची सोय बघावी लागते. पाळणा भाड्याने मिळतो. आत्या मिळत नाही. बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव सांगायचा मान बापाच्या बहिणीचा, आणि हल्ली बऱ्याच बापांना बहीणच नसते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधा तावडे यांना बोलावणं जातं. त्या इस्त्रीची सुती साडी नेसून वेळेआधी हजर होतात. खांद्यावरच्या कापडी पिशवीत वरवंटा असतो, कारण मिक्सर आल्यापासून तोही घरोघरी नसतो.

सुगंधाताई सहासष्ट वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. सख्खा भाचा एकच, भाऊ दत्ताराम याचा सुयोग. बाकीचे सगळे उसने. त्यातले काही आता कॉलेजात जातात आणि रस्त्यात भेटले की लांबूनच ‘आत्या’ म्हणून ओरडतात.

विक्रोळीतल्याच एका कारखान्यात त्या टेलिफोन बोर्डावर होत्या. एखाद्या खात्यातल्या माणसासाठी फोन आला की भोंग्यावर त्याचं नाव पुकारायचं, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. कोणतं नाव यंत्रांच्या आवाजातही ऐकू जातं आणि कोणतं विरून जातं, हे त्यांना तिथे कळलं. बारशाआधी त्या आईला गॅलरीत उभी करतात आणि म्हणतात, “खाली पोरगं खेळतंय, संध्याकाळ झालीय, हाक मार.” आईने त्या नावाने हाक मारायची. तोंडात अडकलं, तर पुन्हा विचार करायचा. त्यांची अट एवढीच.

अर्थाबद्दल त्या कुणाला अडवत नाहीत. फोनवर शोधलेलं नाव घेऊन लोक येतात, शेजारी ‘सूर्याचा अंश’ किंवा ‘देवाची देणगी’ असं लिहिलेलं असतं. सुगंधाताई ग्रंथालयात जाऊन कोश बघतात. शब्द सापडला नाही, तर तसं सांगतात. एका जोडप्याला मुलाचं नाव अनय ठेवायचं होतं. संस्कृतात त्याचा अर्थ अनीती असाही होतो, हे त्यांनी सांगितलं.

“पण ऐकायला झकास आहे ना, आत्या?” बाप म्हणाला.

“आहे की. ठेव. पुढे त्याने विचारलं तर खरं सांग म्हणजे झालं.”

त्यांनी ते नाव कानात सांगितलं. अनय आता पहिलीत आहे.

याच कॉलनीत, त्यांच्याच मजल्यावर, देवेश आणि रुचिरा राहतात. देवेशची आई सुंदराबाई मूळच्या कणकवलीकडच्या. नवरा गिरणीत होता. देवेश एकुलता एक. रुचिरा अंधेरीला एका विमा कंपनीत नोकरी करते. त्यांना पहिली मुलगी झाली तेव्हा रुचिराने महिनोन्‌महिने शोधून नाव काढलं होतं: इरावती. नदीचं जुनं नाव. गॅलरीतून हाक मारताना ती लाजली होती, पण नाव नीट खालपर्यंत गेलं होतं.

बारसं मुलुंडच्या हॉलमध्ये झालं. पाळणा सजावटवाल्याचा होता, बारीक नळ्यांचा, वर फुलं. रीत अशी की बाळाआधी वरवंट्याला टोपडं घालायचं, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत त्याला पाळण्याखालून-वरून फिरवायचं आणि आधी त्याला निजवायचं. मूल दगडासारखं टणक व्हावं, म्हणून. सजावटवाल्याने हात जोडले. “मावशी, वजन नाही झेपणार. वाट लागेल माझ्या पाळण्याची.” सुगंधाताईंनी वरवंटा पिशवीतच ठेवला, पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि नाव सांगितलं.

इरावती तिसऱ्या महिन्यात गेली. हृदयात जन्मतःच दोष होता.

डॉक्टरांनी देवेश-रुचिराला सगळं समजावून सांगितलं होतं. सुंदराबाई मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगत राहिल्या, “वरवंटो फिरवल्यानच नाय तिना. खुर्चीखाली ठेवल्यान.” सुगंधाताईंच्या कानावर ते आलं. त्यानंतर वर्षभर त्यांना फारशी बोलावणी आली नाहीत.

दोन वर्षांनी रुचिराला मुलगा झाला. या वेळी सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. मूल ठणठणीत होतं. फक्त त्याला नाव नव्हतं. बारावा दिवस गेला, महिना गेला, पाच महिने गेले. लसीच्या कार्डावर ‘रुचिराचं बाळ’ एवढंच. जन्मदाखल्यातली नावाची जागा रिकामी. देवेशने सुचवलेलं प्रत्येक नाव रुचिराने नाकारलं. सुंदराबाई पहिल्या दिवसापासून एकच सांगत होत्या: धोंडू. त्या नावावरून घरात भांडण झालं आणि मग कुणी विषयच काढेना. मुलगा आता आवाजाकडे मान वळवायला लागला होता आणि त्याला सगळे ‘ए बाळा’ म्हणत होते.

शेवटी देवेश शेजारच्या दारात आला. “आत्या, तू ये. ती तुझं ऐकेल.”

“तुझ्या आईला चालेल?”

“आईला विचारलंच नाहीये.”

रविवारी सकाळी सुगंधाताई गेल्या. दार सुंदराबाईंनी उघडलं. त्यांची नजर थेट पिशवीवर गेली. “ह्या वक्ताक आणलंस तो?”

“मागच्या वेळीही आणला होता,” सुगंधाताई म्हणाल्या. “फिरवला नाही. तो आग्रह मी धरायला हवा होता. त्याने पोर वाचली असती असं मला वाटत नाही, पण तुमची रीत होती ती.”

सुंदराबाई बाजूला झाल्या. चहा ठेवायला गेल्या, यावरून बाकीच्यांनी काय ते समजून घेतलं.

रुचिरा मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने आधीच सांगून टाकलं, “आत्या, नावं आणली असशील तर नको. मला आवडेल असं प्रत्येक नाव मी तेव्हा तिच्यासाठी बघितलेलं आहे. आणि नाव ठेवलं ना, की ते माणूस होतं. मग ते जाऊ शकतं.”

“मी नाव नाही आणलं.”

“आणि धोंडू तर अजिबात नको. दोन हजार पंचविसात धोंडू! शाळेत पोरं खातील त्याला.”

“माझ्या बापाचं नाव धोंडू होतं,” सुगंधाताई म्हणाल्या.

देवेशने जीभ चावली.

सुगंधाताईंनी मग सांगितलं ते असं. त्यांच्या आजीची आधीची तीन मुलं गेली होती. चौथा झाला तेव्हा तिने त्याला अंगणातल्या केराच्या ढिगावर ठेवलं. शेजारणीने उचललं आणि मूठभर तांदळाला परत विकलं. म्हणजे तो आईचा राहिला नाही, विकत आणलेला झाला. वर नाव धोंडू, कुणाच्या डोळ्यात भरू नये म्हणून. कुणी केरू ठेवायचं, कुणी भिकू. अर्धं गाव अशाच नावांचं होतं.

“गिरणीत त्यांची थट्टा व्हायची. मी बोर्डावर लागले तेव्हा म्हटलं, बाबा, बदलून घ्या नाव, हल्ली बदलतात. तर म्हणाले, ‘माझी आवस भियाली होती गो. ता भियाचा नाव आसा. ता बदलूक मी कोण?’”

“आईच्या भीतीचं नाव,” रुचिरा म्हणाली.

“हो. तू पहिलीच घाबरलीस असं समजू नकोस. त्या बायका घाबरायच्या आणि तरी नाव ठेवायच्या. नाव ठेवायला धीर लागतोच असं नाही.”

रुचिरा बराच वेळ मुलाच्या पायाचा अंगठा चोळत राहिली. आतून सुंदराबाई कपबशा घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“वरवंटा दे,” रुचिरा म्हणाली.

पाळणा नव्हता. देवेशने घरातली जुनी गोधडी चार पदरी केली. दोघी दोन बाजूंना बसल्या, सुंदराबाई आणि सुगंधाताई, आणि टोपडं घातलेला वरवंटा गोधडीखालून-वरून एकमेकींच्या हातात देत राहिल्या. गोविंद, गोपाळ म्हणून झालं. सुंदराबाईंचा आवाज मध्येच गेला, तेव्हा सुगंधाताईंनी त्यांच्याही वाटणीचं म्हटलं. मग दगड उचलून तिथे मुलाला निजवलं.

“थांबा,” सुगंधाताई म्हणाल्या. “माझी अट राहिली. रुचिरा, गॅलरीत जा. हाक मारल्याशिवाय मी कानात सांगणार नाही.”

“आत्या, प्लीज. लोक बघतील.”

“बघू देत की.”

रुचिरा गॅलरीत गेली. कठडा धरून उभी राहिली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा तिने घसा साफ केला आणि पूर्ण जोर लावून ओरडली, “धोंडू! ए धोंडू, वर ये रे!”

खाली कट्ट्यावर पेपर वाचत बसलेले धोंडू सावंत, वय वर्षं एक्याऐंशी, दचकून उठले. चष्मा वर करून त्यांनी मान मागे टाकली. “कोण गो? काय झाला?”

रुचिराने तोंडावर हात ठेवला. ती हसत होती, आणि हसता हसता तिला कठड्यावर टेकावं लागलं. सुंदराबाई मागून आल्या, खाली वाकून त्यांनी सावंतांना नीट बघून घेतलं.

“बघलंस?” त्या सुनेला म्हणाल्या. “तो टिकलो मगे!”

दाखल्यावर नंतर मुकुल हे नाव लागलं. ते रुचिराने एकटीने ठरवलं. सुगंधाताईंनी मात्र त्या सकाळी गोधडीवर वाकून कानात सांगितलं ते धोंडू. मुलाने मान वळवली. सावंत तोवर धापा टाकत तीन जिने चढून दारात आले होते आणि आपल्याला कशाला बोलावलं ते विचारत होते. त्यांना चहा देण्यात आला.