फिट समजलेली पोरगी

नरेश मेश्राम भिलाईच्या कारखान्यात क्रेन चालवते. गड्याचा एकाच कागदावर विश्वास, फिटची चिठ्ठी. डॉक्टरनं 'फिट' लिहून देल्लं की ड्यूटीवर हजर. मंग त्या दुखण्याचं नाव काढायचं नाही.

तीन वर्षांआधी उतईच्या एका लग्नातून आल्यावर त्याच्या पोरीले, उन्नतीले, हगवण लागली. आठ वर्षांची पोर वाळून गेली. दोन दिवस लघवीच नाही, किडनी बंद. दोनदा मशीनवर रक्त धुवा लागलं, तवा कुठं किडनी चालू झाली. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले, "दरसाल लघवी अन् बीपी तपासत जा."

नरेशनं त्या डिस्चार्जच्या कागदालेच फिट समजलं. बायको दीक्षानं आठवण देल्ली, तर म्हणे, "पोरगी उड्या मारून राहिली, अन् तू कावून उकरून काढून राहिली?"

परवाच्या रविवारी शेजारचे जानराव काका आले. त्यांचं कारखान्यातलं सालाना मेडिकल होतं. त्याआधी बीपी पाहाले क्वार्टरच्या लाइनीतले सारेच नरेशकडं येत, मशीन त्याच्याकडंच होती. काकाचं झाल्यावर उन्नतीनं हात पुढं केला.

"बाबा, माझं भी."

पट्टा फुगला. दीडशे, खाली शंभर.

"मशीन गेली कामातून," नरेश हसला. स्वतःचं मोजलं, एकशे बावीस. पुन्हा पोरीचं. एकशे बावन्न. हसू तिथंच थिजलं.

"अबे, मोठ्या मानसाचा पट्टा हाये तो," काका म्हणाले. "लेकराले ढिला होते, चुकत असंन."

नरेशले बरं वाटलं. दीक्षाले नाही. सोमवारी पोरीले घेऊन दवाखान्यात गेली. नरेश मांगं मांगं.

डॉक्टरीणबाईनं लहान पट्टा बांधला. एकशे साठ. नरेशनं घरच्या ढिल्या पट्ट्याचं सांगितलं.

"मोठ्या पट्ट्यात आकडा कमी दिसतो," त्या म्हणाल्या. "जास्त नाही."

लघवीत प्रोटीन निघालं.

"वरून बरी दिसली, पण किडनीत इजा राहून गेली होती. तीन वर्षं कोणीच पाहिलं नाही?"

दीक्षानं नवऱ्याकडं पाह्यलं.

"औषध आहे, सांभाळता येईल," बाई म्हणाल्या. "मीठ कमी करा. दुखण्याच्या गोळ्या मनानं देऊ नका. पण तपासणी आता जन्मभर."

"जन्मभर म्हंजे... कवापर्यंत?" नरेशनं विचारलं.

"आपन मेल्यावरही तिले करा लागंन," दीक्षा म्हणाली. "मंग कवापर्यंत काय विचारतं? आतापासून तिले शिकव."